खारूचे चार काळे दात

४ जून

ताई,

'सा. न. वि. वि.' लिहायला घेतलं होतं. पण आज नमस्कार करावासा वाटत नाही आणि विनंती तर मुळीच करायची नाही, म्हणून तेवढं गाळून पुढचं लिहिते.

काल संध्याकाळी तुमचे बंधुराज खारूला तुमच्याकडून घेऊन आले. नव्या घरात अजून अर्धं सामान खोक्यांतच आहे, मी त्यातल्याच एका खोक्यावर बसून चमचे पुसत होते. लेक आली ती तोंडावर हात धरून. मला वाटलं, इतक्या दिवसांनी आईला बघतेय, लाजत असेल. मी तिला जवळ ओढलं, हात बाजूला केला, आणि वरचे पुढचे चारही दात काळे. पिवळे नव्हेत, डागाळलेले नव्हेत, काळे. काहीतरी खाल्लं असेल म्हणून ओल्या रुमालाने पुसायला गेले. पुसून पुसून तिच्या हिरड्या लाल झाल्या, पण काळं काही हललं नाही.

यांना विचारलं, तर म्हणाले, "ताईने काहीतरी औषध लावलंय वाटतं. मलाही आत्ताच कळतंय." आणि पंखा बसवायला स्टुलावर चढले.

घर बदलायच्या धावपळीत पोरीला तुमच्याकडे ठेवलं, ते तुम्ही तिची आत्या म्हणून. दातांच्या डॉक्टर म्हणून नव्हे. तिच्या दाताला हात लावायच्या आधी तुम्हाला मला विचारावंसं वाटलं नाही? माझी मुलगी आहे ती. तुमच्या दवाखान्याबाहेर बाकावर ताटकळणारी कुणी तरी नव्हे. पुढच्या सोमवारी तिची नवी शाळा सुरू होतेय. नवी मुलं, नव्या बाई, आणि ही पहिल्या दिवशी असं तोंड घेऊन जाणार.

मी रोज केकवर क्रीम लावते, ताई. त्या पांढऱ्यावर एवढासा डाग पडला तरी गिऱ्हाईक केक परत करतं. मी तो खरवडून पुन्हा करते. तुमचं हे काळं मला खरवडता येत नाही, याची मला इतकी चीड आली आहे की रात्री जेवणसुद्धा गेलं नाही.

हे काढायचं कसं आणि पांढरं सिमेंट भरून दात होते तसे करायचे कसे, एवढंच कळवा. पत्रानेच कळवा. फोन मी उचलणार नाही. फोनवर तुम्ही समोरच्याला बोलू देत नाही. पेशंटच्या तोंडात कापूस कोंबून एकटीनेच बोलत राहायची सवय लागली आहे तुम्हाला.

तुमची भावजय

•

९ जून

लवंगी,

तू या घरात आलीस त्या दिवशी मी तुझं हे नाव ठेवलं, ते किती बरोबर ठेवलं, हे तुझ्या पत्राने पुन्हा सिद्ध झालं. राग आला आहे ना, मग आता माझाही ऐक. पत्रात मला तुझ्या तोंडात कापूस कोंबता येत नाही, तसं तुलाही मला मध्ये थांबवता येणार नाही.

'होते तसे' म्हणतेस. ते होते कसे, हे तू बघितलं होतंस का? खारू माझ्याकडे आली त्याच दिवशी गार पाणी प्यायली आणि गाल धरून बसली. मी खिडकीत नेऊन तोंड उघडून पाहिलं. पुढच्या चारही दातांना हिरडीजवळ कीड लागली होती, खालच्या एका दाढेलाही. दाढेतली छोटी होती, ती साफ करून मी सिमेंट भरलं. तेवढ्या वेळात पोरीने माझं बोट दोनदा चावलं. पुढच्या दातांना मशीन लावलं तेव्हा खुर्चीतून घसरून टेबलाखाली जाऊन बसली आणि तिथून बाहेर यायला तयार होईना.

लोकांना वाटतं, दात किडला की भरून टाकायचा, भिंतीतलं भोक बुजवतात तसा. पण भरायचा तर आधी कोरायचा, आणि कोरायचा तर पोरीने तोंड उघडून स्वस्थ बसायला हवं. ते जमत नसेल तर पूर्ण भूल देऊन दातांवर टोप्या बसवता येतात. पावणेपाच वर्षांच्या पोरीला पडणाऱ्या दातांसाठी मी भूल देऊ? किंवा काढून टाकता येतात, मग दोन वर्षं बोबडी बोलत बसेल. किंवा काहीच करायचं नाही आणि पू होईपर्यंत वाट बघायची, म्हणजे त्याखाली जे कायमचे दात वाढताहेत त्यांचंही वाटोळं.

मी जे लावलं ते औषध आहे. एक थेंब, बारीक ब्रशने. सुई नाही, मशीन नाही. कीड जिथे आहे तिथेच थांबते. दाताचा किडलेला भाग काळा पडतो आणि काळाच राहतो, ही त्याची किंमत. ते निघत नाही. निघू नये म्हणूनच ते आहे. हे दुधाचे दात आहेत, दोन वर्षांत पडणारच आहेत. पोरगी शांत बसत असेल तर नंतर त्यावर पांढरं सिमेंट लावता येईल, पण आत्ता तिला त्रास देऊ नकोस.

तुला फोन लावला होता. दिवसभर बंद. मग मला जे योग्य वाटलं ते मी केलं.

आणि आता तू मला एक सांग. पुढच्याच चार दातांना, तेही हिरडीजवळ कीड लागते ती कशाने, हे मी रोज बघते. तोंडात दुधाची बाटली घेऊन झोपणाऱ्या पोरांचे दात असे होतात. साखर घातलेल्या दुधाची. पाचवं सरत आलं तरी बाटली? आई साखरेच्या डोंगरात काम करते म्हणून लेकीचे दातही त्यातच बुडवायचे का? माझ्यावर खापर फोडण्याआधी घरात बघ.

ताई

•

२७ जून

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा बाटलीपाशी थांबले आणि बाजूला ठेवून दिलं. दुसऱ्यांदा शेवटपर्यंत वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

माझी पाळी पहाटेची असते. मी निघते तेव्हा बाहेर काळोख असतो. बेकरीत मोबाईल कपाटात कुलूप लावून ठेवावे लागतात, म्हणून तुमचा फोन लागला नाही. मी दार ओढून घेतलं की त्या आवाजाने खारू जागी होते आणि रडते. तिला पुन्हा झोपवायचं काम तुमच्या बंधुराजांचं. ते कसं झोपवतात ते मी बघायला नसते, पण सिंकमध्ये बाटली रोज दिसते. गेलं वर्षभर मी सांगतेय, थोपटा, पाणी द्या, साखर घालू नका. त्यावर हसून म्हणतात, "अगं लहान आहे, दोन चमच्यांनी काय होतंय. ताईने मला असंच वाढवलं." तुम्ही लिहिलंत ना, घरात बघ म्हणून? बघितलं. घरात तुमचा भाऊ आहे.

पण तुमच्या पत्रात त्याचं नाव कुठे नाही. दूध पाजलं कोणी हे माहीत नसताना तुम्ही थेट आईलाच धरलं. दहा वर्षं बघतेय मी हे. ते काम करतात त्या चष्म्याच्या दुकानात त्यांनी काचा उलट्या बसवल्या तर दोष काचा घासणाऱ्या कारागिराचा. ते लग्नाला उशिरा आले तर दोष रिक्षाचा. त्या माणसाला तुमच्या घरात कुणी कधी "का केलंस?" म्हणून विचारलंच नाही. निदान या वेळी ते माझ्या बाजूने आहेत. तुम्ही न विचारता केलंत याचा त्यांनाही धक्काच बसला आहे.

ते राहू दे. खारूचं ऐका, मी त्यासाठी लिहायला बसले आहे.

ती तोंड उघडत नाही. शाळेत जाते, बाकावर बसते आणि डावा हात ओठांवर ठेवते. बाईंनी निरोप पाठवला, मुलगी गाणी म्हणत नाही, नाव विचारलं तरी सांगत नाही, हिला बोलता येतं ना? ताई, या मुलीला गप्प कसं करायचं हा आमच्या घरातला प्रश्न होता. आता घरातसुद्धा एक शब्द बोलायचा तर हाताआडून पुटपुटते. घास एवढासा तोडून फटीतून आत सरकवते. गाल बसलेत तिचे. शाळेचा फोटो आलाय, सगळी पोरं दात काढून हसताहेत आणि माझी लेक तोंडावर हात ठेवून उभी आहे.

आणि मला पापा देत नाही. मी तोंड पुढे केलं की मान वळवते. आल्यापासून एकदाही दिलेला नाही. इतके दिवस टाकून गेले म्हणून रागावली असेल असं आधी वाटायचं. मग मी तिला आरशासमोर उभं केलं आणि विचारलं, "हे काळे दात तुला आवडत नाहीत ना, बाळा?" तिने मान हलवली. शाळेत पोरं चिडवत असणार. लाजेने मरतेय माझी मुलगी.

म्हणून मी ठरवलं आहे. चौकातल्या दाताच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "गरज अशी नाही. पण तुम्ही म्हणत असाल तर पूर्ण भूल देऊन चारही दातांना पांढऱ्या टोप्या बसवू." मी म्हणते आहे. १३ जुलैची तारीख घेतली आहे. तुम्हाला विचारत नाही, कळवते आहे. तुम्ही तेवढंही केलं नव्हतं.

तुमची भावजय

•

१ जुलै

लवंगी,

तुला वेड लागलंय का? ती तारीख रद्द कर.

भूल म्हणजे अंगाई नव्हे. गरज असते तेव्हा मी स्वतः पोरांना त्यासाठी पाठवते, आणि ती शुद्धीवर येईपर्यंत माझा जीव टांगणीला असतो. गरज असते तेव्हा. इथे कीड थांबली आहे, दुखणं नाही, पू नाही. शाळेच्या फोटोत दात पांढरे दिसावेत म्हणून तू तिला टेबलावर झोपवणार? तुझ्या केकवरचा डाग आहे का तो, खरवडून पुन्हा क्रीम फिरवायला?

आणि धक्का बसला म्हणे त्याला. आता मात्र हद्द झाली. मी गप्प राहणार होते, पण तूच मला बोलायला लावलंस. तुझा फोन लागला नाही तेव्हा मी त्याला, छोट्याला, दुकानात फोन केला. औषधाचं नाव सांगितलं, दात काळे पडतील हे सांगितलं, दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "तुला योग्य वाटतं ते कर ताई, तिला मी सांगतो." तुला सांगितलं नाही हे मला तुझ्या पहिल्या पत्रातच कळलं. तरी मी सगळं अंगावर घेतलं, कारण मला वाटलं, घर बदलायच्या गडबडीत नवराबायकोत माझ्यामुळे भांडण नको. त्याला पाठीशी घालते म्हणतेस ना? घालते. आई गेली तेव्हा तो खारूएवढा होता. मी त्याला रडू दिलं नाही, एवढं एकच मला जमत होतं. साखरेचं दूधही मीच द्यायचे. आता लपवून काय करू. आणि तुझ्यावर बाटलीचा आरोप केला तो आधी चौकशी करून करायला हवा होता.

पण खारू लाजते आहे हे मी मानणार नाही. पोरं काळ्या दाताला लाजत नाहीत, त्यांच्या आया लाजतात. तू तिला आरशासमोर उभं करून विचारतेस, हे आवडत नाही ना? मग ती काय म्हणणार? माझ्याकडून निघाली तेव्हा पोरगी अगदी खुशीत होती, तोंड मिटून, गाल फुगवून हसत होती. टेबलाखालून तिला बाहेर काढायला मला जेमतेम दोन मिनिटं लागली. लहान मुलांचं मी असंच करते, इतकी वर्षं करते आहे. तिला म्हटलं, तुझ्या दातात चोर शिरलाय, रोज थोडा थोडा दात पळवतोय. मी त्याला आत कोंडून बाहेरून काळं दार लावून टाकते. बघ कशी पटकन येऊन खुर्चीत बसली. दार लागल्यावर मला विचारते, "तो बाहेर आला तर कुठे जाईल?" मी म्हटलं, "जवळ कुणी असेल त्याच्या दातात. म्हणून तोंड बंद ठेवायचं आणि दाराला हात लावायचा नाही." औषध वाळेपर्यंत पोरं तिथे जीभ लावतात, ती लावू नये म्हणून. शहाणी पोर, एकदाही लावली नाही.

तेव्हा माझ्यामुळे ती बिथरली वगैरे मनातून काढून टाक. आणि १३ तारीख रद्द केल्याचं उलट टपाली कळव.

ताई

•

५ जुलै

ताई,

तुमचं पत्र जिन्यातच फोडलं आणि जिन्यातच बसले.

तुम्ही ते मोठ्या कौतुकाने लिहिलं आहे. पुन्हा वाचा. 'जवळ कुणी असेल त्याच्या दातात.'

मी वर गेले, खारूला मांडीवर घेतलं आणि विचारलं, तुझ्या तोंडात कोण आहे? तिने दोन्ही हात तोंडावर दाबले. मग माझ्या कानाशी न येता, तोंड दुसरीकडे करून म्हणाली, "चोर. पापा घेतला तर तुझ्या दातात येईल. मग तुझे पण सगळे दात नेईल."

म्हणून ती शाळेत गात नव्हती. बाकावर शेजारी एक मुलगी बसते. म्हणून घास फटीतून जात होता. चार दात काळे झाल्याचं तिला सुखदुःख नव्हतं. पावणेपाच वर्षांची पोर महिनाभर आम्हा सगळ्यांना वाचवत होती, ताई, एकटी, कुणालाही न सांगता. आणि मी आरशासमोर तिची उलटतपासणी घेत होते. तिने मान हलवली ती दात आवडत नाहीत म्हणून नव्हे. मी तोंड उघडायला सांगत होते म्हणून.

तुमच्या भावाला माहीत होतं. सगळं माहीत होतं. तुमच्याकडून येताना गाडीतच तिने त्याला चोराचं सांगितलं. हा म्हणाला, "शाब्बास, दार उघडू नकोस हं." गंमत वाटली म्हणे. महिनाभर तिला गप्प बघताना त्याला ती गंमत आठवली नाही. काल मी त्याच्याशी काय बोलले ते इथे लिहीत नाही, शेजाऱ्यांना विचारा. मी बोलून थांबले तेव्हा तो म्हणाला, "ताईला विचारून बघू या का?" त्यावर मी पुन्हा सुरुवात केली. आजपासून पहाटे तिला थोपटून झोपवणार आहे. बाटली मी कचऱ्यात टाकली.

मी खारूला सांगितलं, चोर नाही, आत्याने गंमत केली. ती म्हणाली, "तुला काय माहीत? तू केक करतेस. आत्या डॉक्टर आहे."



१३ तारीख मी रद्द केलेली नाही. चौकातले डॉक्टर म्हणतात, टोप्या बसल्या की काळं दिसणार नाही, मग चोर पळाला असं सांगता येईल. म्हणजे एका थापेवर दुसरी थाप, आणि तीही भूल देऊन. मला ते नको आहे. पण पोर खात नाही, आणि मी तिला रोज वाळताना बघू शकत नाही. तिच्या तोंडाला तुम्ही कुलूप लावलं आहे आणि तिचा विश्वासही तुमच्यावरच आहे. तेव्हा या आणि उघडा. रविवारपर्यंत वाट बघते.

•

७ जुलै

लवंगी,

शनिवारचे आणि सोमवारचे पेशंट पुढे ढकलले. रविवारी सकाळी येते. भांडायचं असेल तर घरात घेऊन भांड, दारात नको.

तुझं पत्र आल्यावर पहिला विचार काय आला सांगू? तिला म्हणायचं, आत्याने चोर पकडून पोलिसांना दिला. दोन मिनिटांचं काम. मग 'दुसरी थाप' हे तुझे शब्द पुन्हा वाचले आणि स्वतःचाच राग आला. मला दुसरं काही येतच नाही का मुलांशी बोलायला?

छोट्याला सांग, मी येतेय ती त्याला पाठीशी घालायला नव्हे.

ताई

•

२२ जुलै

ताई,

तुम्ही येऊन गेलात, त्यालाही आता बरेच दिवस झाले. मुद्दामच उशिरा लिहिते आहे. लगेच लिहिलं असतं तर त्या दिवशीचं रडू कागदावर उतरलं असतं, आणि मला तुम्हाला ते दाखवायचं नव्हतं.

तुम्हाला वाटलं, मी स्वयंपाकघरात चहा करत होते. मी दारामागे उभी होते. चहा केव्हाच उतू गेला होता.

तुम्ही खोक्यांच्या मध्ये फरशीवर बसलात, गुडघे दुखतात तरी. खारू कोपऱ्यात, तोंडावर हात. तुम्ही म्हणालात, "चोर नव्हताच गं. मी खोटं सांगितलं." ती भिंतीला आणखी चिकटली. मग हाताआडून म्हणाली, "मग दार कशाला लावलंस?" तुम्ही म्हणालात, दार नाही ते, औषध आहे, दात खराब होऊ नये म्हणून. ती म्हणाली, "मग औषध असं का नाही म्हणालीस?" तुम्ही म्हणालात, "तू घाबरशील म्हणून."

"मी घाबरलेच की," ती म्हणाली.

तुम्ही म्हणालात, "हो गं. माझं चुकलं." तुमच्या तोंडून हे शब्द मी दहा वर्षांत पहिल्यांदा ऐकले. दारामागे मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

मग तिने तुम्हाला आ करायला लावला आणि बापाकडून टॉर्च मागून घेतला. तुमच्या दाढांत चांदी भरलेली आहे, जुनी, काळी पडलेली, हे मला माहीत नव्हतं. तिने एकेका दाढेवर टॉर्चचा झोत टाकून विचारलं, इथे पण चोर सांगितला होता का कुणी? तुम्ही आ केलेला असल्यामुळे बोलू शकत नव्हतात, नुसती मान हलवत होतात. दवाखान्यात तुम्ही सगळ्यांचं जे करता ते तिने तुमचं केलं. तेवढं झाल्यावर तिने तोंडावरचा हात काढला आणि टॉर्च नीट धरायला तो दुसरा हात वापरला. तुमच्या लक्षातही आलं नसेल, तुमचे डोळे मिटलेले होते. मी बघितलं.

टोप्यांची तारीख त्याच दिवशी रद्द केली. ती आता खाते आहे, खाते म्हणजे घर खाते. शाळेतून बाईंचा पुन्हा निरोप आला, मुलगी फार बोलते. काळे दात दाखवून हसते आणि शेजारच्या मुलीला औषधाची सगळी माहिती देते. त्या मुलीलाही आता काळे दात हवे आहेत आणि तिची आई माझ्याशी बोलत नाही.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी कामाला निघताना ती जागी झाली. अंधारात चाचपडत आली, माझा गाल शोधला आणि पापा दिला. मग दुसऱ्या गालावर. मग बापाला. मी तिला हळूच म्हटलं, आत्याला पण फोनवरून एक दे, आपण रात्री फोन लावू. ती म्हणाली, "आत्याला नाही. आत्या खोटं सांगते."

ताई, हे मी तिला शिकवलेलं नाही. शपथेवर सांगते. मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे, आणि तुमच्या भावावर तर जास्तच, पण हे माझं नाही. मी तिला समजावायला गेले, आत्याने चूक कबूल केली ना, आता झालं. तिने ऐकून घेतलं आणि पांघरूण डोक्यावर ओढलं. लहान मुलं विसरतात म्हणतात. विसरेल. पण कधी, ते मला सांगता येत नाही, आणि तुम्हाला विसरेल असं खोटंही सांगवत नाही.

सहा महिन्यांनी औषध पुन्हा लावायचं असं तुम्ही जाताना म्हणालात. मी खारूला विचारलं, चौकातल्या डॉक्टरांकडे जायचं का? ती बराच विचार करून म्हणाली, नको, आत्याकडेच. मला आश्चर्य वाटलं. मग तिने अटी सांगितल्या. ब्रश तोंडात घालायच्या आधी आत्याने सांगायचं, काय लावते आहे, कसं लागेल, दुखेल का, नंतर कसं दिसेल. सगळं खरं. दुखणार असेल तर दुखेल असं सांगायचं. आणि वर पांढरं लावायचं की नाही ते खारू ठरवणार.

हे तिचं म्हणणं आहे, ताई, माझं नाही. माझं म्हणणं याहून कडक आहे.

तुमची
लवंगी